‘तू बस, आम्ही करतो’

सुखवस्तू घरात आजारी माणसाला कशाची उणीव पडू दिली जात नाही. औषध वेळेवर हातात येते, पाण्याचा पेला उशाशी असतो, खाली पडलेला रुमालसुद्धा दुसरेच कोणी उचलून देते. चार माणसे एकत्र नांदणाऱ्या व्यापारी कुटुंबाचे हे मोठेच बळ आहे आणि बहुतेक दुखण्यांत ते उपयोगीही पडते. परंतु काही आजार असे आहेत, की ज्यांत हीच माया नकळत अपाय करते. मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला डॉक्टर मंडळी थोडक्यात एमएस म्हणतात, हा त्यांतलाच एक. या वेळच्या सदरात त्या आजाराविषयी, आणि विशेषतः त्यातील हालचालीविषयी व फिजिओथेरपीविषयी, थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे.

आपल्या मेंदूकडून हातापायांकडे जाणारे निरोप मज्जातंतूंमधून धावतात. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असावे, तसे या तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच चुकून मेंदूतील व मज्जारज्जूतील या आवरणावर हल्ला चढवते. आवरण झिजले, की निरोप मंदावतो, अडखळतो, कधी वाटेतच विरतो. फ्रेंच वैद्य शार्को यांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८६८ मध्ये या आजाराचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तो बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान डोके वर काढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने आढळतो. म्हणजे ज्या सुनेच्या हाती नुकताच संसार आला, जो मुलगा नुकताच पेढीवर बसू लागला, त्यांनाच तो गाठतो. एका डोळ्याने धूसर दिसू लागते, पायाला मुंग्या येऊन त्या दिवसचे दिवस जात नाहीत, लघवीची घाई आवरत नाही, काहीही न करता अंग गळून जाते. पुष्कळांची पहिली तक्रार अगदी क्षुल्लक वाटावी अशी असते: चालताना एका पायातली चप्पल सारखी निसटते. पाऊल वर उचलणारा स्नायू ढिला पडल्याची ती खूण असू शकते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एमएसच्या रुग्णाचे पाय अशक्त होतात ते दोन निरनिराळ्या कारणांनी, आणि व्यापारी माणसाला हा भेद समजावून सांगण्यासाठी खातेवहीइतके सोपे साधन नाही. पहिली तूट आजाराने पाडलेली. तंतूच इजा पावला, निरोप पोहोचेना, म्हणून स्नायू चालेना. ही रक्कम काही वेळा परत येते, काही वेळा बुडीत खात्यात जाते, आणि ती वाचवण्याचे मुख्य काम औषधांचे आहे. दुसरी तूट मात्र बसून राहिल्याने पडते. स्नायू वापरला नाही की तो रोडावतो, सांधे आखडतात, हृदयाची व फुप्फुसांची तयारी कमी होते, तोल सांभाळण्याची सवय मोडते. आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळलेला धडधाकट माणूसही उठताना लटपटतो, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. मग ज्याला वर्षानुवर्षे ‘तू बस, आम्ही करतो’ असे प्रेमाने सांगितले गेले, त्याचे काय होत असेल? घरचे लोक त्याच्याकडे पाहून म्हणतात, आजार वाढला. वस्तुस्थिती अशी असते, की आजाराने रुपयातले आठ आणे नेले आणि उरलेल्यातले चार आणे खुर्चीने नेले. खुर्चीने नेलेली ती रक्कम वसूल होण्याजोगी आहे. फिजिओथेरपी ही मुख्यतः त्या वसुलीची विद्या आहे.

हे घरच्या मंडळींना ठाऊक नसले तर त्यांना बोल लावता येणार नाही, कारण वैद्यकशास्त्रानेच दीर्घ काळ उलटा सल्ला दिला. ऊथोफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये नोंदवले, की या आजाराच्या काही रुग्णांची दृष्टी श्रम केल्यावर काही काळ मंदावते. पुढे कळले, की याचे खरे कारण श्रम नसून श्रमाने वाढणारी शरीराची उष्णता हे आहे. आवरण झिजलेल्या तंतूतील निरोप अर्ध्या अंशाच्या उष्णतेनेही अडू शकतो. एमआरआय येण्यापूर्वी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहण्याची चाचणीही प्रचलित होती. या साऱ्यातून निष्कर्ष असा निघाला, की श्रम म्हणजे आजाराला आमंत्रण. विश्रांती घ्या, दमू नका, शक्ती जपून ठेवा, हा उपदेश पिढ्यानपिढ्या दिला गेला. शरीर थंड झाले की ती लक्षणे ओसरतात आणि तंतूला नवी इजा झालेली नसते, या महत्त्वाच्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

हा उपदेश झुगारणाऱ्यांत एक नाव फार उल्लेखनीय आहे. अमेरिकेचा जिमी ह्यूगा हा बर्फाच्या उतारावरून स्कीइंग करणारा खेळाडू. १९६४ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने स्लालम या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याचाच सहकारी बिली किड याला रौप्य मिळाले. या प्रकारच्या स्कीइंगमध्ये ऑलिंपिक पदक मिळवणारे हे पहिले अमेरिकी पुरुष. सहा वर्षांनी, १९७० मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी ह्यूगाला एमएस असल्याचे निदान झाले आणि तत्कालीन रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी त्याला श्रम वर्ज्य करण्यास सांगितले. काही वर्षे त्याने ते मानले. शरीर खालावत गेले, मन त्याहून अधिक. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याने स्वतःच्या जबाबदारीवर सायकल, पोहणे आणि ताण देण्याचे व्यायाम सुरू केले. आजार गेला नाही, पण माणूस सावरला. १९८४ मध्ये त्याने कोलोरॅडोत एक केंद्र स्थापन केले आणि एमएसच्या रुग्णांना व्यायाम, आहार व कुटुंबासह जगण्याची तयारी शिकवण्यास प्रारंभ केला. ते कार्य ‘कॅन डू एमएस’ या नावाने आजही चालू आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर कथा खोटी होईल. ह्यूगा आजारातून बरा झाला नाही. उत्तरायुष्यात त्याला चाकाची खुर्ची लागली आणि २०१० मध्ये सहासष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. व्यायामाने एमएस पळवून लावता येतो, असे जो कोणी सांगेल त्याच्या दुकानात पाऊल ठेवू नये. निदानानंतरची चाळीस वर्षे जितकी चालती-बोलती घालवता येतील तितकी त्याने घालवली, आणि तो हिशेब कमी मोलाचा नाही. विलक्षण योगायोग असा, की त्याच शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारा ऑस्ट्रियाचा पेपी स्टीग्लर यालाही १९९३ मध्ये हाच आजार असल्याचे निदान झाले.

एका खेळाडूची जिद्द म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. तो पुरावा १९९६ मध्ये पुढे आला. यूटा विद्यापीठातील पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे हातापायांनी चालवावयाच्या सायकलवर व्यायाम केला. दुसऱ्याने केला नाही. व्यायाम करणाऱ्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, स्नायूंचे बळ वाढले, खिन्नता व थकवा यांतही उतार दिसला, आणि आजार बळावला नाही. तेव्हापासून अनेक अभ्यासांनी हाच कौल दिला आहे. अमेरिकेच्या नॅशनल एमएस सोसायटीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत प्रत्येक रुग्णाने आपापल्या ताकदीनुसार आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम वा अन्य शारीरिक हालचाल करण्याचे ध्येय सुचवले आहे. एकदम नव्हे, हळूहळू त्या आकड्यापर्यंत जायचे आहे. कोणी दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटांनी आरंभ करतो, तोही आरंभच.

उष्णतेचा प्रश्न मात्र आपल्याकडे इन्सब्रुकपेक्षा कितीतरी कठीण आहे. जळगाव, सोलापूर, नागपूरच्या वैशाखात सकाळी नऊनंतर व्यायामाचे नाव काढू नये. पहाटे किंवा भल्या सकाळी, पंख्याखाली, सैल सुती कपड्यांत, मध्ये मध्ये थांबून व्यायाम करावा. स्नानाचे पाणी कोमट असावे. कढत पाण्याने नाहून उठताना पाय लुळे पडल्याची व न्हाणीघरातच कोसळल्याची उदाहरणे या आजारात नेहमीची आहेत. परदेशी पुस्तके व्यायामापूर्वी बर्फाचे पेय घ्या म्हणून सांगतात. आपल्यापैकी ज्या घरांत बर्फ घेत नाहीत, तेथे ओला पंचा मानेभोवती घ्यावा, मनगटे व पाय थंड पाण्याने धुवावेत; हेतू तोच साधतो. व्यायामानंतर दृष्टी धूसर झाली किंवा पाय जड झाला, तर घाबरून व्यायाम कायमचा बंद करू नये. सावलीत बसावे. बहुधा तासाभरात सारे पूर्ववत होते. नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर मात्र ते उष्णतेचे नाही असे समजून न्यूरॉलॉजिस्टला कळवावे. अंगात ताप असेल तर तो आधी उतरवावा, कारण तापही हाच खेळ करतो.

थकव्याविषयी घरात सर्वाधिक गैरसमज असतात. ‘सकाळी तर चांगली हसत-बोलत होती, दुपारी पोळ्या लाटायची वेळ आली की आडवी होते’, हे वाक्य किती सुनांनी ऐकले असेल! एमएसचा थकवा हा आळस नव्हे, झोप पुरी न झाल्याचा शीणही नव्हे. दिवसाच्या आरंभी हातात ठरावीक रोकड असते आणि ती दुपारपर्यंत संपते. तेव्हा सकाळची पहिली शक्ती कशावर खर्च करायची, हे घराने रुग्णाबरोबर बसून ठरवावे. तास-दीड तास उभ्याने स्वयंपाक आणि व्यायाम हे दोन्ही एकाच सकाळी बसवण्याचा हट्ट धरू नये. भाजी निवडणे, कणीक मळणे ही कामे टेबलाशी बसून होतात. गंमत अशी, की नियमाने केलेला बेताचा व्यायाम काही आठवड्यांत ही रोजची रोकडच थोडी वाढवतो.

फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्षात काय करतो? प्रथम तो पाहतो. ठरावीक अंतर चालायला किती वेळ लागतो, खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, कोणता स्नायू ढिला आहे आणि कोणता ताठरला आहे, हे मोजल्याशिवाय व्यायाम सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. ताठरलेल्या पोटरीला व मांडीला सावकाश ताण द्यावा लागतो. झटके देऊन, अंगावर बसून केलेल्या मालिशाने ताठरपणा उलट वाढू शकतो. ढिल्या स्नायूंना बळ, डगमगत्या तोलाला सराव आणि हृदयाला थोडी धाव, असे व्यायामाचे निरनिराळे भाग असतात. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारा हलका स्प्लिंट मिळतो आणि चालणे तत्काळ सुधारते. लघवी रोखण्याच्या स्नायूंचे व्यायामही याच विद्येत येतात. संकोचामुळे स्त्रिया ही तक्रार सांगत नाहीत आणि घराबाहेर पडणेच बंद करतात.

यासाठी घरात यंत्रशाळा उभारण्याची गरज नाही. पुष्कळ घरांत उत्साहाने ट्रेडमिल आणले जाते आणि महिनाभरात त्यावर ओले टॉवेल वाळू लागतात. एमएसच्या रुग्णाला तर ते जपूनच वापरावे लागते, कारण पट्टा आपल्या गतीने सरकतो आणि लोंबणारे पाऊल त्यात अडखळते. जागेवरची सायकल त्यापेक्षा सुरक्षित. स्वयंपाकघराचा ओटा हे तर उत्तम साधन आहे. त्याला धरून टाचा उचलणे, आडव्या पावलांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणे, एक पाय उचलून दहा आकडे मोजणे, हे सारे तेथे होते. मागे एक खुर्ची ठेवावी, म्हणजे तोल गेला तरी बसता येते. हाताची न फिरणारी खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यातून दहा वेळा उठणे-बसणे हा मांड्यांसाठी फार मोलाचा व्यायाम आहे. मात्र पायांखाली ओली फरशी, निसटता पायपुसणा आणि अंगठ्याच्या पट्टीवर लटकणारी स्लीपर नको. एमएसच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण तीन महिन्यांच्या अवधीत एकदा तरी पडतात, असे अनेक देशांतील नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास सांगतो. टाचेला पट्टा असलेले पादत्राण आणि न्हाणीघरात भिंतीला पक्के बसवलेले दोन दांडे, हा खर्च कोणत्याही यंत्राच्या आधी करावा.

आणि आता काठी. या एका वस्तूवरून घराघरांत जेवढे अश्रू सांडतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून सांडत असतील. तिशीतल्या मुलाच्या हाती काठी दिसली तर धाकटीच्या लग्नाचे काय, समाजात चर्चा होईल, व्यवहारातले लोक काय समजतील, या विचाराने काठी कपाटात राहते. मग पडण्याच्या भीतीने तो लग्नसमारंभाला जात नाही, पेढीवर जात नाही, शेवटी अंगणातही उतरत नाही. दुसरीकडे काठीवाचून डगमगत चालणारा पाहून रस्त्यावरचे लोक तो दारू प्यायला आहे असे समजतात, आणि व्यसनाचा वारा न लागलेल्या घरातील तरुणाच्या मनाला ते किती लागत असेल! काठीने निदान गैरसमज तरी टळतो. आजार लपवून जोडलेली सोयरीक पुढे किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको. काठी घेतलेला माणूस अधिक चालतो, एवढे येथे पुरेसे आहे. ती अशक्त पायाच्या बाजूला नव्हे, तर विरुद्ध हातात धरावी. अशक्त पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकावीत. हात सरळ सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. वाडवडिलांची चांदीच्या मुठीची काठी ठेवणीतली शोभेची. तिची उंची जुळेलच असे नाही.

तपश्चर्येविषयीही लिहिणे भाग आहे, कारण प्रश्न विचारले जातात. ताठरपणासाठी अनेकांना बॅक्लोफेन नावाची गोळी चालू असते. अठाईच्या निमित्ताने ती अचानक बंद करणे धोक्याचे आहे. ताठरपणा एकदम उसळतो, भ्रम वा झटकेही येऊ शकतात. त्यामुळे मोठ्या उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि महाराजसाहेबांनाही आजाराची पूर्ण कल्पना द्यावी. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी दिवसभरात ते पुरेसे घ्यावे. लघवीच्या धास्तीने पाणी तोडणे हे या आजारातले नेहमीचे अनिष्ट आहे. सामायिकासाठी ४८ मिनिटे एका आसनात बसल्यावर पाय ताठरत असतील, तर आधी आणि नंतर पोटऱ्यांना ताण द्यावा आणि उठताना कोणाचा तरी आधार घ्यावा.

ज्यांचा आजार पुढे गेला आहे, जे उभे राहू शकत नाहीत, त्यांच्यासाठीही फिजिओथेरपी संपत नाही. सांधे रोज पूर्ण हलवणे, खुर्चीत बसल्या-बसल्या वारंवार भार बदलणे, अंथरुणात ठरावीक वेळाने कूस पालटणे, आधाराच्या चौकटीत काही मिनिटे उभे करणे, दीर्घ श्वासाचे व्यायाम करणे, यांनी सांधे आखडणे, जखमा व छातीचे आजार टाळण्यास मदत होते. उचलण्याची योग्य पद्धत घरच्यांनी शिकून घ्यावी. न शिकता उचलणाऱ्या आईची वा पत्नीची पाठ प्रथम जाते.

आधार देण्याचेही एक शास्त्र आहे. समोरून दोन्ही हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा आणि रुग्णाला तो धरू द्यावा. त्याला बुटाचे बंद बांधायला चार मिनिटे लागत असतील, तर चार मिनिटे लागू द्यावीत. पेढीवर तो सकाळचे दोन तास बसू शकत असेल, तर त्याची गादी दुसऱ्याला देऊ नये. घरापासून पेढीपर्यंतचे जाणे-येणे हाच त्याचा अर्धा व्यायाम आहे. भारतातील रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. मुंबई व पुणे येथे तिच्या शाखा आहेत. आपल्यासारखीच अडचण असलेली दुसरी माणसे तेथे भेटतात.

फिजिओथेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना घरातील एका व्यक्तीने सोबत जावे, पण उत्तरे रुग्णाला देऊ द्यावीत. ‘बरे वाटायला हवे’ असे मोघम सांगू नये. दुकानाच्या तीन पायऱ्या कठड्याला धरून चढायच्या आहेत, मंदिराच्या आवारात एक फेरी घालायची आहे, मुलीच्या शाळेच्या फाटकापर्यंत स्वतः जायचे आहे, असे नेमके काय हवे ते सांगावे. त्या तीन पायऱ्यांची उंची घरून मोजून नेली, तर काम अधिकच सोपे होते.